बुडपट्टीखालचा ठसा

सुमेनेप, मदुरा बेट
गुरुवार, १२ ऑगस्ट १९९३

प्रिय रुकीदादा,

अस्सलामु अलैकुम. तिकडे बालिकपापानला तू, वहिनी आणि मुली सुखरूप असाल अशी अल्लाकडे दुआ करते. इकडे आम्ही बरे आहोत. एम्बूचा गुडघा दुखतो, पण आपल्या आईचं तोंड अजून शाबूत आहे. यंदा पाऊस वेळेवर गेला, मीठ चांगलं धरलंय, तंबाखूही बरा आलाय. बाप म्हणून एप्पा कसे ते तुला माहीत आहे, ब्याऐंशीचे झाले आणि अजून सायकल चालवतात. अडवायला गेलं की ओरडतात.

दर ईदला मी तुला चार ओळी लिहिते आणि तू दोन ओळींत उत्तर देतोस. हे पत्र तसलं नाही. होडीच्या फळ्या ठोकता ठोकता वाचू नकोस. घरी जा, हातपाय धू, बैस, मग वाच.

कारण दादा, रविवारी आपण जिंकलो! आख्ख्या सुमेनेपच्या नाकावर टिच्चून जिंकलो. चार दिवस झाले, माझे पाय काही जमिनीला लागत नाहीत. बाजारात मासे घ्यायला गेले तर कोळीण म्हणते, "मिस्नाती, तूच ना गं ती?" मी म्हटलं, "मीच ती," आणि बांगडे फुकट नेले.

नीट सुरुवातीपासून सांगते. थोरले रादेन, ज्यांनी तुला स्वतःच्या दारातून हाकललं होतं, ते फेब्रुवारीत वारले. मागे त्यांच्या पत्नी रादेन आयू साल्हा एकट्या. त्यांच्या नातीचं लग्न सप्टेंबरच्या सव्वीसला ठरलंय. त्यांच्या घरची रीत तुला माहीत आहे, नवरदेवानं घरची पिढीजात कट्यार, घरचा केरिस, कमरेला लावल्याशिवाय मंडपात पाऊल टाकायचं नाही. आणि घरचा केरिस म्हणजे तोच. एकाहत्तर सालापासून कपाटात उलटा पडलेला, ज्याला थोरले रादेन, तू खरं पातं विकून नवं चढवलंस असं धरून, मरेपर्यंत "तो चोराचा" म्हणत होते.

रादेन आयूंनी जावातल्या सोलोहून हार्सोयोसाहेबांना बोलावलं. दरबारी माणूस, साठ वर्षं केरिस हातात घेऊन त्याचं गाव आणि काळ सांगतोय. रादेन आयूंनी आधीच जाहीर करून टाकलं, "ते जुनं म्हणाले तर नातजावयाच्या कमरेला. नवं म्हणाले तर सुराबायाच्या व्यापाऱ्याला देऊन मोकळी होते. खोटी वस्तू मी घरात ठेवायची नाही." म्हणजे दादा, समजलास ना? व्यापाऱ्यानं तो एकदा उचलला की गेला कुठल्या कुठे. मग तू चोर होतास यावर कायमचा शिक्का.

एप्पांनाही बोलावणं आलं. मला वाटलं जाणार नाहीत. पण सकाळी उठून काळी टोपी घालून तयार.

रादेन आयूंच्या अंगणातल्या मोठ्या मंडपात दोनशे माणूस जमलेलं. साहेब आलेत म्हटल्यावर जो तो आपापलं पातं घेऊन हजर. हार्सोयोसाहेब म्हणजे वीतभर माणूस, आवाज तर इतका हळू की सगळ्यांना पुढे वाकावं लागतं. त्यांच्या तोंडात "खोटं" हा शब्दच नाही. जुनं असेल तर पातं कपाळाला लावतात. नसेल तर म्हणतात, "कोवळं आहे हो अजून. जपा." आणि लोक काय ते समजतात.

तो तंबाखूचा व्यापारी मतबारी, तोही आला होता आपलं पातं मखमलीत गुंडाळून. म्हणे सहाशे वर्षांचं, मजापाहित काळातलं. साहेबांनी म्यान ओढलं, पातं नाकाशी नेलं आणि म्हणाले, "याच्या तोंडाला अजून दुधाचा वास येतोय." मंडप हसून हसून लोळला. मी तर जास्तच हसले, कारण ते बाळ दोन वर्षांपूर्वी आपल्याच गल्लीत जन्मलंय आणि जुनं दिसावं म्हणून शेजारच्या खाऱ्या चिखलात सात महिने निजलंय, मी स्वतः पाहिलंय.

मग आपला केरिस आला.

साहेबांनी म्यान कपाळाला लावलं, सरकवलं. पातं तळहातावर तोललं. नखानं टिचकी मारून कान लावला. अंगठा फिरवला. माझ्या शेजारी बसलेल्या एप्पांनी कॉफीची बशी खाली ठेवली.

"घडण जुन्या सुमेनेपची आहे," साहेब म्हणाले. "कंबर, टोकाचा कल, सगळं तसंच. पण अंग हलकं आहे. आवाज पातळ आहे. आणि घरची मंडळी म्हणतात यावर सांडलेल्या तांदळाची नक्षी होती. मला तर वेली दिसतायत. पात्याच्या बुडाला बसवलेली बुडपट्टी मात्र नक्की जुनी." मग जरा थांबून, "पातं कोवळं आहे."

जुन्या बुडपट्टीवर नवं पातं चढवणं, व्यापाऱ्यांची सगळ्यात जुनी चलाखी. मंडपात सगळ्यांना ठाऊक. मागून कुणीतरी एप्पांचं नाव घेऊन बोललंच, "दुरहेमच्या पोराचंच काम." मी वळून पाहिलं तर मतबारी.

बावीस वर्षांपूर्वी एप्पांनीही हेच पातं असंच तोललं होतं आणि थोरल्या रादेनांसमोर म्हणाले होते, "हे ते नव्हे." एप्पांच्या हाताला तेव्हा सुमेनेपमध्ये तोड नव्हती. हात बोलला की निकाल लागला. आणि आता सोलोच्या दरबारी माणसानं तेच सांगितलं. एप्पांची मान खाली गेली ती वर येईना.

आणि मी उठून उभी राहिले. कशी राहिले विचारू नकोस.

"साहेब," मी म्हटलं, "ते कोवळं नाही. रोडावलंय."

"कोण तुम्ही?"

"मिस्नाती. दुरहेमची मुलगी. सुमेनेपमधल्या अर्ध्या केरिसांना सुरो महिन्यात आंघोळ मी घालते. लिंबू, सोमल, सगळं याच हातानं."

"मग अंगठा फिरवा आणि सांगा. या कातडीला किती वर्षं झाली?"

"कातडी बावीस वर्षांची. हाडं तीनशे वर्षांची. कुणीतरी ते दगडावर घासलंय, साहेब. सागाची फळी रंधून बघा, वरचे गोळे आत लांबतात की नाही? लोखंडाचेही थर तसेच. वरच्या थरात तांदूळ, दोन थर खाली उतरलात की त्याच्याच वेली. नक्षी बदलली म्हणून पातं बदललं असं होत नाही."

साहेब हसले. म्हणाले, "बोलणं गोड आहे. पुरावा?"

"बुडपट्टी काढा."

दादा, तू तिथे असायला हवा होतास. मी जणू कुणाच्या तरी नवऱ्याला सगळ्यांसमोर उघडा करा म्हटलं! पातं नवरा आणि बुडपट्टी बायको, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. एकदा बसवली की बसवली, पातं मोडेपर्यंत. एक म्हातारा तर उठूनच उभा राहिला, "लग्नघरात काडीमोड? थोरल्या रादेनांनी बावीस वर्षं कुणाला हात लावू दिला नाही!"

सगळे रादेन आयूंकडे बघायला लागले. त्या खुर्चीत बसून विडा चघळत होत्या. शांतपणे पिंक टाकली आणि म्हणाल्या, "माझं स्वतःचं त्रेपन्न वर्षांचं जोडपं फेब्रुवारीत मोडलं. मी मेले का? उठवा दोघांना."

मी खोबरेल मागवलं. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "कोमट कर." एप्पा. सकाळपासून पहिलाच शब्द.

सांध्यात थेंब थेंब तेल सोडलं आणि तासभर थांबलो. लोकांनी तांदळाचे गरम आपेन खाल्ले, कॉफी प्यायले, एक माणूस घरी गेला नाही. मतबारी येऊन म्हणतो, "बाई, तुकडे झाले तर कोण भरून देणार?" मी म्हटलं, "तुम्ही तुमच्या बाळाला पाळण्यात घाला, भूक लागली असेल." मग रेड्याच्या शिंगाची हातोडी घेतली. पहिला ठोका, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्याला कट्कन वाजलं आणि पट्टी माझ्या ओंजळीत आली. हात दगडासारखे स्थिर.

साहेबांनी पट्टी उलटी केली, भिंग लावलं. मीही वाकले. दादा, पट्टीच्या पोटावर पात्याचा ठसा होता! गंजाचा, काळा, स्पष्ट. साहेबांनी पातं त्या ठशात उभं ठेवलं तर सगळीकडून केसभर कड मोकळी. आजारातून उठलेल्या माणसाला त्याचाच जुना सदरा घालावा, तसं. आणि मधोमध गंजाच्या तीन खपल्या, एक मोठी, दोन बारीक. पट्टीवर जिथे खळगा तिथेच पात्यावर उंचवटा. एक ना दोन, तिन्ही जुळल्या. तीनशे वर्षं एकमेकांना चिकटून गंजल्याशिवाय हे होत नाही. नवं पातं आणून चढवलं असतं तर त्याच्या पाठीला हे वण आले असते कुठून?

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. मग पातं दोन्ही हातांनी उचललं आणि कपाळाला लावलं. त्यांच्या त्या बारीक आवाजात म्हणाले, "माफ करा. तुम्हाला ओळखलं नाही मी." पात्याला म्हणाले हं, मला नाही.

मग मंडपात जो काही कल्ला उठला! रादेन आयू रडत होत्या आणि हसत होत्या. एम्बूनं तर मतबारीचा खांदा धरून त्याला गदागदा हलवलं, "आता बोल! आता बोल ना!" त्याची टोपी पडली. कुणी उचलूनही दिली नाही.

तुझ्या अंगावरचा डाग गेला, दादा. दोनशे माणसांसमोर गेला.

सगळं शांत झाल्यावर साहेबांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "घासलं कुणी?"

इथे थांबते. चुलीवर भात आहे.


शनिवार, १४ ऑगस्ट

भात परवाच झाला. खोटं कशाला बोलू, लिहवत नव्हतं.

तुला माहीत आहे घासलं कुणी. तुला त्या दिवसापासून माहीत आहे. आणि तुला माहीत आहे हे मलाही माहीत आहे. बावीस वर्षं आपण एकमेकांना ईद मुबारक लिहितोय आणि हे लिहीत नाही. आज लिहिते.

त्या सुरो महिन्यात एप्पा तापानं पडले होते आणि थोरल्या रादेनांचा केरिस गंज काढायला माझ्याकडे दिला होता. पहिल्यांदाच एवढा मोठा केरिस माझ्या एकटीच्या हातात. नारळपाण्यात चार दिवस ठेवायचं, रोज बघायचं. मी ठेवलंच नाही. माझं लग्न ठरलेलं, डोकं त्यातच. चौथ्या दिवशी आठवलं, आणि दुसऱ्या दिवशी तर तू तो पोचवायला जाणार होतास. मग मी ट्रकवाल्याकडून बॅटरीचं ॲसिड आणलं. व्यापारी करतात तसं. मनात म्हटलं, पाव तासात होईल, कुणाला कळणार नाही. ॲसिडात ठेवलं आणि लग्नाचा केबाया मापायला शिंपिणीकडे गेले. तिथे गप्पांत बसले. बाहेर धो धो पाऊस, निघवेना. परत आले तर पात्यावर फेस चढलेला. धुतलं तर सगळीकडे खड्डे. सांडलेले तांदूळ उंदरानं कुरतडल्यासारखे.

माझं काळीज फाटलं. दुपारभर दगडावर घासत बसले, खड्डे जाईपर्यंत. बुडपट्टीला हात लावायचा धीर झाला नाही, म्हणून ती तशीच राहिली. पातं चकचकीत झालं, वजनाला हलकं झालं, वेली उठल्या. मी सोमल लावला, तेल लावलं, म्यानात घातलं आणि तुझ्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी थोरल्या रादेनांनी बोलावून पातं तोलायला लावलं, तिथून परतून एप्पांनी अंगात ताप असतानाच विचारलं, "तू बदललंस?" तू म्हणालास, "नाही." त्यांनी विचारलं, "मग कुणी?" मी दाराशी उभी होते. बोटांची सालटी निघालेली, दोन नखांतून रक्त आलेलं. तू माझ्या हातांकडे बघितलंस. नुसतं बघितलंस आणि गप्प बसलास. एप्पा म्हणाले, "हे ते नव्हे, आणि तू माझा नव्हेस." गुरुवारच्या जहाजानं तू गेलास आणि पुढल्या महिन्यात माझं लग्न झालं. नव्या केबायात.

आणखी एक सांगायचंय, ते सगळ्यात वाईट. पुरावा कुठे आहे ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पट्टी काढली की तू सुटतोस, हे मी त्याच दुपारी ओळखलं होतं. पण तू सुटलास की पुढचा प्रश्न येणार, घासलं कुणी? म्हणून मी सुद्धा सगळ्यांबरोबर म्हणत राहिले, जोडपं उठवायचं नसतं. तुझी जागा मी घेतली, तुझी हातोडी घेतली, नाव कमावलं. लोकांची पाती खरी की खोटी ते बावीस वर्षं सांगत बसले. माफ कर म्हणायला मला तोंड नाही. तरी म्हणते. माफ कर, दादा.

तर साहेबांनी विचारलं आणि मी म्हटलं, "मी." मोठ्यानं म्हटलं, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको. ॲसिड, शिंपीण, दगड, सगळं सांगून टाकलं. माझ्या नवऱ्यानं तोंडावर हात धरला. खरं सांगू? मला इतकं हलकं वाटलं की नाचावंसं वाटत होतं.

आणि मग एप्पा उठले. कुणाचा हात न धरता.

म्हणाले, "त्या दिवशी मी हे पातं तोललं आणि म्हणालो, हे ते नव्हे. लोकांचा माझ्या हातावर विश्वास होता. माझाही होता, पोटच्या पोरापेक्षा जास्त होता. हात चुकला. माझ्या सहरुकीनं काही बदललं नव्हतं. सगळ्यांनी ऐकलं? ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना घरी जाऊन सांगा."

तुझं नाव, दादा. बावीस वर्षांत घरात कुणी घेतलं नव्हतं. ते मंडपात घेतलं, तेही "माझ्या" लावून. एम्बूचा हंबरडा मला अजून ऐकू येतो.

माझ्याशी एप्पा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ॲसिड कुठल्या ट्रकवाल्याकडून घेतलंस?" मी नाव सांगितलं. म्हणाले, "तो मेला. वाचला." त्यावरून समजते की मला जेवायला मिळत राहील.

साहेबांनी दाखला लिहून दिलाय. जुन्या सुमेनेपच्या दरबारी घडणीचं, अंदाजे तीनशे वर्षांचं, अस्सल. खाली ओळ, "सन एकाहत्तरमध्ये मिस्नाती बिंती दुरहेम हिने चुकीने घासले." म्हणजे हे पातं जितकी वर्षं राहील तितकी वर्षं माझा पराक्रमही राहणार. मी म्हटलं, "साहेब, 'चुकीने' खोडा हवं तर." म्हणाले, "नको, ते वाचायला बरं वाटतं."

आता रादेन आयूंचा निकाल ऐक. मी पट्टी परत बसवायला हात पुढे केला तर माझ्या मनगटावर पंखा मारला. "तू नाही. ज्याच्यावर आळ आला, त्याच्याच हातानं हे दोघं पुन्हा एकत्र येतील. तोवर पातं एका कपाटात, पट्टी दुसऱ्यात. आणि सव्वीस तारखेला माझा नातजावई केरिसाशिवाय मंडपात येणार नाही, म्हणजे लग्न अडलं ते तुमच्या सहरुकीपायी." नवरीनं तर मला बाजूला घेऊन विचारलं, "येतील ना हो ते?"

काल सकाळी एप्पा घरात नव्हते. एम्बू घाबरली. दुपारी आले, घामानं निथळत. सायकलवरून कालियांगेत बंदरापर्यंत जाऊन तुझ्याकडच्या जहाजाची वेळ विचारून आले होते. सुराबायाला उतरायचं की बांजारमासिनवरून यायचं, सगळं चिठ्ठीवर दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं. चिठ्ठी या पाकिटात घातली आहे. मी विचारलं, "तुमच्याकडून काय लिहू?" दाराच्या उंबऱ्यावर बसले, स्वतःचा उजवा हात उलटसुलट करून बघत राहिले. मग म्हणाले, "लिही, माझा हात आता भरवशाचा नाही. तुझा घेऊन ये."

वाट बघते आहे,

तुझी, ते पातं घासणारी,
मिस्नाती